‘गॅसलाइटिंग’ : एका शब्दाची जन्मकथा आणि साक्षीदाराचं कर्तव्य



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आयुष्यभर इंग्रजी शिकवत राहिले. शब्दाचा अर्थ सांगून ते थांबत नसत. तो कुठून आला, कुणाच्या तोंडून आला, हेही सांगत. त्यांना आदरांजली वाहायची तर ती त्यांच्याच पद्धतीने वाहावी, म्हणून आज मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द आहे ‘गॅसलाइटिंग’.

गेल्या काही वर्षांत हा शब्द मराठी घरांतही पोहोचला आहे. समुपदेशक तो वापरतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत तो दिसतो, कॉलेजातली मुलं तर सर्रास वापरतात. फसवणुकीसाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. पण हा शब्द ज्या फसवणुकीला नाव देतो, तिच्यात पैसा किंवा जमीन जाण्याआधी माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास जातो. आणि ही फसवणूक तेवढाच वेळ टिकते, जेवढा वेळ त्या माणसाला दुसरा साक्षीदार मिळत नाही. हे मला या शब्दाच्या जन्मकथेतूनच कळलं, म्हणून ती कथा आधी सांगतो.

‘गॅसबत्ती’ म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना वरातीत डोक्यावर धरलेली, हवा भरून पेटवायची पेट्रोमॅक्स आठवते. ती रॉकेलवर चालायची. इथे बोलतो आहोत ते दिवे निराळे. एकोणिसाव्या शतकात कारखान्यात दगडी कोळसा तापवून गॅस काढत आणि जमिनीखालच्या नळांतून घराघरांत पोहोचवत. लंडनमध्ये 1812 साली अशा कंपनीला सनद मिळाली आणि शतक संपेपर्यंत मध्यमवर्गीय इंग्रज घराच्या दिवाणखान्यात भिंतीवर गॅसचे दिवे आले. आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर ते 1865 साली लागले. या दिव्यांचा एक गुण कथेसाठी महत्त्वाचा आहे. एकाच नळावर घरातले सगळे दिवे असत. खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की वरच्या मजल्यावरची पाण्याची धार बारीक होते, तसं घरात कुठेही आणखी एक दिवा पेटला की उरलेले दिवे थोडे मंद होत.

पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाने हाच गुण हेरून 1938 साली ‘गॅस लाइट’ हे नाटक लिहिलं. हॅमिल्टन तेव्हा चौतिशीतला होता. त्याचं ‘रोप’ हे नाटक आधीच गाजलं होतं. ‘गॅस लाइट’ डिसेंबर 1938 मध्ये रिचमंडच्या नाट्यगृहात प्रथम झालं आणि नव्या वर्षात लंडनच्या मध्यवस्तीत आलं.

नाटक घडतं 1880 च्या सुमाराच्या लंडनमध्ये, मॅनिंगहॅम दांपत्याच्या घरात. बेला ही पत्नी. तिची आई वेडात गेली, हे पतीला माहीत आहे आणि त्याचा तो पुरेपूर वापर करतो. भिंतीवरची तसबीर गायब होते. ती तूच लपवलीस, असं तो तिला सांगतो. बिल सापडत नाही. तेही तूच हरवलंस. नोकरांसमोर तो तिची परीक्षा घेतो, तिला खजील करतो, मग जवळ घेऊन समजूतही काढतो. बाहेर जाणं-येणं बंद, माहेरच्या माणसांशी संबंध तुटलेले. हळूहळू तिलाच वाटू लागतं की आपण आईच्याच वाटेने निघालो आहोत.

पती रोज संध्याकाळी बाहेर पडतो. तो गेल्यावर थोड्या वेळाने दिवाणखान्यातला दिवा मंद होतो आणि बंद असलेल्या वरच्या मजल्यावर पावलं वाजतात. तो परतण्याच्या जरा आधी दिवा पुन्हा मोठा होतो. बेलाने हे एकटीने, रोज बघून टिपलं आहे. पण ते कुणाला सांगायची तिला भीती वाटते, कारण सांगितलं तर वेडाचा आणखी एक पुरावा म्हणून तेच तिच्याविरुद्ध वापरलं जाईल.

मग रफ नावाचा निवृत्त पोलीस अधिकारी घरी येतो. याच घरात अनेक वर्षांपूर्वी एका वृद्धेचा माणकांसाठी खून झाला होता आणि खुनी कधीच सापडला नव्हता. तो खुनी म्हणजे बेलाचा पती. रोज रात्री तो मागच्या बाजूने, छतावरून आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर शिरतो, तिथला दिवा लावतो आणि न सापडलेली माणकं शोधतो. वर दिवा पेटतो म्हणून खालचा मंद होतो. बेलाची नजर अचूक होती. एका दिव्याच्या ज्योतीवरून तिने पतीचं येणं-जाणं बिनचूक ओळखलं होतं.

श्रोतेहो, इथे थोडं थांबायला हवं. हा शब्द समजावून देताना बहुतेक जण असं सांगतात की, पती मुद्दाम दिवा मंद करायचा आणि ‘दिवा मंद झालाच नाही’ असं पत्नीला पटवायचा. मूळ नाटकात तसं नाही. तसबीर लपवणं, बिल हरवणं, हे त्याचे डाव. दिवा मंद होणं हा त्याचा डाव नव्हता. ती त्याच्या हातून नकळत राहिलेली खूण होती. म्हणजे ज्या दिव्यावरून या फसवणुकीला नाव पडलं, तो दिवा फसवणाऱ्याच्या बाजूचा नाहीच. तो बेलाच्या बाजूचा पुरावा आहे. फक्त तो पुरावा पाहणारी ती एकटी होती, आणि एकट्या माणसाने पाहिलेला पुरावा त्या घरात पुरावा ठरत नव्हता. रफने आपल्या डोळ्यांनी दिवा मंद होताना पाहिला, त्या क्षणी पतीने उभं केलेलं सगळं जग कोसळलं. दिव्याविषयी बेलाला नवी माहिती काहीच मिळाली नाही. तिला मिळाला तो दुसरा डोळा.

नाटकाचा प्रवास मोठा झाला. अमेरिकेत ते ‘एंजल स्ट्रीट’ या नावाने डिसेंबर 1941 मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि त्याचे 1,295 प्रयोग झाले. 1940 साली थोरोल्ड डिकिन्सनने त्यावर ब्रिटिश चित्रपट केला. 1944 साली जॉर्ज क्यूकरने हॉलीवूडमध्ये केलेल्या चित्रपटात इंग्रिड बर्गमन आणि चार्ल्स बॉयर होते. बर्गमनला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. मोलकरणीच्या भूमिकेत अँजेला लॅन्सबरी हिने पडद्यावर पहिलं पाऊल टाकलं ते याच चित्रपटात.

नाटकात हा शब्द क्रियापद म्हणून कुठेच येत नाही. लोकांनी तो चित्रपटाच्या नावावरून घडवला. 1969 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बार्टन आणि व्हाइटहेड यांचा ‘गॅसलाइट’ हे नाव घेतलेला लेख आला. नकोशा झालेल्या नातेवाइकाला मनोरुग्ण ठरवून रुग्णालयात धाडण्याचे प्रयत्न कसे होतात, हा त्या लेखाचा विषय. रंगभूमीवरची कल्पना डॉक्टरांना आपल्या दवाखान्यात भेटली होती. पुढे दशकानुदशकं तो शब्द मानसोपचाराच्या वर्तुळातच राहिला. 2016 च्या आसपास तो अमेरिकन राजकारणाच्या चर्चेत शिरला आणि 2022 साली मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. त्या वर्षी तो शोधणाऱ्यांचं प्रमाण 1,740 टक्क्यांनी वाढलं, असं कोशाने जाहीर केलं.

एवढी लोकप्रियता शब्दाला झेपत नाही. हल्ली कुणी मत पटलं नाही म्हटलं तरी ते गॅसलाइटिंग, कुणाला एखादी गोष्ट वेगळी आठवली तरी ते गॅसलाइटिंग, असं ऐकू येतं. म्हणून त्याची हद्द स्पष्ट आखायला हवी. खोटं बोलणारा माणूस जगाविषयी खोटं सांगतो. ऐकणाऱ्याची पारखण्याची शक्ती तो शाबूत ठेवतो. म्हणूनच खोटं कधी ना कधी उघडं पडतं. गॅसलाइटिंग करणारा त्या पारखण्याच्या शक्तीवरच घाव घालतो. तुझी आठवण चुकीची, तुझे कान वाजतात, तू उगाच भावनेच्या आहारी जातेस, पूर्वीपासून तुझं असंच आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो, आणि हे तपासून पाहता येईल अशी माणसं आजूबाजूला राहू देत नाही. सातत्य आणि एकटं पाडणं या दोन गोष्टी नसतील, तर हा शब्द वापरू नये. मतभेदाला मतभेद म्हणावं, खोट्याला खोटं म्हणावं.

मराठीला ही गोष्ट अनोळखी नाही. आपण ‘वेड्यात काढणं’ म्हणतो. सुनेच्या तोंडून, म्हाताऱ्या आईच्या तोंडून, घरातल्या धाकट्याच्या तोंडून हे वाक्य आपण ऐकलेलं असतं: ‘मला सगळे वेड्यात काढतात.’ त्या वाक्यात ‘सगळे’ हा शब्द आहे, आणि त्या शब्दापाशी मला आपल्या संस्कृत कथापरंपरेतली एक गोष्ट आठवते.

हितोपदेशातली बोकडाची आणि तीन ठगांची ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. ब्राह्मण यज्ञासाठी बोकड विकत घेऊन खांद्यावर टाकून चालला आहे. वाटेत अंतराअंतरावर तीन ठग उभे. पहिला विचारतो, कुत्रा खांद्यावर कशाला घेतलात? ब्राह्मण त्याला उडवून लावतो. दुसराही तेच म्हणतो, तेव्हा ब्राह्मण बोकड खाली ठेवून नीट निरखून पाहतो, पुन्हा खांद्यावर घेतो, पण आता त्याचं मन डळमळलेलं असतं. तिसरा भेटतो आणि ब्राह्मण बोकड टाकून, आंघोळ करून घरी जातो. लहानपणी आपल्याला सांगितलं जातं की ब्राह्मण भोळा होता. पण तो भोळा असता, तर पहिल्याच ठगापाशी हरला असता. त्याने प्रतिकार केला, पुरावा तपासला, डोळ्यांनी बोकडच दिसला, आणि तरीही तो हरला. त्या रस्त्यावर तीन खोटे साक्षीदार होते आणि खरा एकही नव्हता. त्याच वाटेवर एखादा गुराखी भेटून ‘काय सुरेख बोकड आहे हो’ एवढं म्हणाला असता, तर ती गोष्ट तिथेच संपली असती.

हा माझा तर्क नाही. प्रयोगाने दिसलेली गोष्ट आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन. पहिल्या रेघेइतकी लांब कोणती, एवढंच सांगायचं. एकट्याने उत्तर देताना चूक शंभरात एकदाही होत नसे. मग ॲशने परीक्षार्थ्याला गटात बसवलं. गटातले बाकी सगळे त्याचे साथीदार, ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर देणारे. खरा परीक्षार्थी एकच. आता अशा फेऱ्यांत चुकीच्या उत्तरांचं प्रमाण 36.8 टक्क्यांवर गेलं. काही जण नंतर म्हणाले की आपल्या डोळ्यांतच काही बिघाड असेल, असं त्यांना वाटलं होतं. साध्या रेघा, अनोळखी माणसं, गमावण्यासारखं काही नाही, तरीही माणसं आपले डोळे नाकारत होती.

त्यानंतर ॲशने एकच बदल केला. गटात खरं उत्तर देणारा एक साथीदार बसवला. बाकी सगळे पूर्वीसारखेच खोटं बोलत होते. तरी दबाव एक चतुर्थांशावर आला. बहुमत बदलावं लागलं नाही, वादविवाद करावा लागला नाही. शेजारी बसलेल्या एका माणसाने जे दिसलं ते सांगितलं, एवढ्याने काम झालं.

आता घरातून बाहेर पडू. 1999 पासून ब्रिटनच्या टपाल खात्याने आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवली. गावोगावची छोटी टपाल कार्यालयं चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरांच्या हिशेबात अचानक तूट दिसू लागली. करारानुसार ती त्यांनीच भरून द्यायची. ते मदतकेंद्राला फोन करत, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना एकच उत्तर मिळे: अशी तक्रार दुसऱ्या कुणाचीच नाही, तुमच्याच इथे हे होतं. माणसांनी घरातले दागिने विकले, घरं गहाण टाकली, रात्र रात्र पुन्हा पुन्हा बेरजा केल्या. 900 हून अधिक जणांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे गुन्हे सिद्ध झाल्याचं न्यायालयांनी मानलं. त्यांत भारतीय वंशाची माणसं मोठ्या संख्येने होती. सीमा मिश्रा यांना 2010 साली, पोटात बाळ असताना, 15 महिन्यांची शिक्षा झाली.

खरी चूक संगणकप्रणालीत होती. ती बाहेर कशी आली, हे पाहण्यासारखं आहे. ॲलन बेट्स या काढून टाकलेल्या उपपोस्टमास्तरांनी आपल्यासारखे आणखी कोण आहेत, याचा शोध घेतला. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये फेनी कॉम्प्टन या छोट्या गावाच्या सभागृहात अशी माणसं पहिल्यांदा एकत्र बसली. प्रत्येकाला सांगण्यात आलं होतं की तू एकटाच. त्या खोलीत बसल्यावर ते विधान आपोआप खोटं ठरलं. पुढे 555 जणांनी मिळून दावा लावला. 2019 च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं निकालात म्हटलं. 2021 साली सीमा मिश्रा यांच्यासह 39 जणांची शिक्षा अपील न्यायालयाने रद्द केली, आणि 2024 साली ब्रिटिश संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकाच वेळी रद्द केल्या. खात्यातल्या कुणाला किती ठाऊक होतं, कुणाचा हेतू काय होता, हा स्वतंत्र चौकशीचा विषय झाला. पण त्या पोस्टमास्तरांच्या बाजूने पाहिलं, तर त्यांच्यावर बेलाचीच वेळ आली होती. आपण पाहिलं ते बरोबर असूनही, ते एकट्याने पाहिलं म्हणून खोटं ठरत होतं.

कायद्याची भाषाही हळूहळू इथवर आली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने जवळच्या नात्यात सातत्याने जरब ठेवणं, ताब्यात ठेवणं हा गुन्हा ठरवला. भारतात त्याच्या दहा वर्षं आधी, 2005 साली, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा झाला. त्याच्या कलम 3 मध्ये मारहाणीबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाचार मानला आहे. त्याचं कलम 4 मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. असा हिंसाचार झाला आहे, होतो आहे किंवा होऊ शकतो, असं मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. शेजारी, भाऊ, मोलकरीण, मैत्रीण, कुणीही. कायद्याने साक्षीदारासाठी दार मुद्दाम उघडं ठेवलं आहे.

आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण वेडाचा शिक्का हे या फसवणुकीचं सर्वांत जुनं हत्यार आहे. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. 1988 साली रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आजाराचं नुसतं नाव चिकटवून भागत नाही. तो किती तीव्र आहे आणि सहजीवन खरोखर अशक्य करतो का, हे सिद्ध करावं लागतं. आणि 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की एखादी व्यक्ती समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक चौकटीत बसत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. घरात ‘तू वेडी आहेस’ असं ऐकावं लागणाऱ्या प्रत्येक बाईपर्यंत ही दोन वाक्यं पोहोचली पाहिजेत.

इथे एक सावधगिरीही हवी. ज्यांना खरोखर मानसिक आजार आहे, त्यांना भास होतात, आठवण दगा देते. वृद्धापकाळी विसरभोळेपणा येतो. अशा माणसाला आपण ‘तुझं सगळं बरोबर’ म्हणायचं का? नाही. पण आजार असलेल्या माणसाचंही प्रत्येक म्हणणं भास नसतं. पैसे गेले असं म्हणणाऱ्या आजीचे पैसे कधी कधी खरंच गेलेले असतात. साक्षीदाराचं काम होकार देणं नाही. जाऊन पाहणं आहे. रफने बेलाच्या सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. तो त्या खोलीत बसला आणि त्याने दिव्याकडे पाहिलं.

आपण सगळे स्वतःला बेलाच्या जागी ठेवून ही गोष्ट ऐकतो. पण आयुष्यात बहुतेक वेळा आपण त्या घरातल्या नोकरांच्या जागी असतो. मालकाने सांगितलं, बाईसाहेबांची तब्येत ठीक नाही, आणि त्यांनी मान डोलावली. ऑफिसात एखादीच्या तक्रारीवर ‘तिचं असंच असतं’ असं कुणी म्हणतं आणि आपण गप्प बसतो. लग्नघरात वहिनी काही सांगू पाहते आणि आपण ‘दादा असा नाही’ म्हणून विषय बदलतो. आपण खोटं बोललेलो नसतो. फक्त खरं उत्तर देणारी जी एक खुर्ची होती, ती आपण रिकामी ठेवलेली असते.

म्हणून आपणा सर्वांना माझी विनंती आहे. तुमच्या घरातलं, शेजारचं किंवा कामाच्या ठिकाणचं कुणी माणूस दबक्या आवाजात सांगू लागलं की ‘मला वाटतं माझंच काहीतरी चुकतंय’, तर लगेच सल्ला देऊ नका, समजूतही काढू नका. काय घडलं ते तारीखवार लिहून ठेवायला सांगा. एकदा त्या घरी जा, त्या खोलीत बसा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जे दिसेल ते त्या माणसाला सांगा आणि गरज पडली तर चारचौघांत, अधिकाऱ्यासमोर, न्यायालयात सांगा. महिलांसाठीचा 181 हा मदत क्रमांक आपल्या फोनमध्ये आजच नोंदवून ठेवा. आणि तुमच्यापैकी जे आज बेलाच्या जागी आहेत, त्यांना सांगतो: तुम्ही जे पाहिलं ते आज एकाच माणसाला सांगा. माणूस विचारपूर्वक निवडा, पण सांगा.